शाळेचं मंत्रिमंडळ: फळ्यावरची नावं, शेवटचा तास आणि बारावीचं वर्ष

डोंगरवाट (धागाकर्ती)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत बारावी सायन्सला आहे. आमच्याकडे पाचवी ते बारावी एकाच आवारात भरते. यंदा मी शाळेच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री आहे. इथे शिक्षक आणि पालक बरेच आहेत, काही माझ्यासारखे विद्यार्थीही आहेत, म्हणून धागा काढतेय. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात लहान मुलं आहेत.

मला काय म्हणायचंय ते आधी सांगते. आमच्या भागात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे सरांचा माणूस असंच सगळे धरतात. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही, रांग सरळ कर, उशिरा आलेल्याला गेटवर अडव. यातलं पहिलं काम तर पूर्ण बंद झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. प्रतिनिधी मुलांनी निवडलेला असतो. मुलांचं काय अडतंय ते सरांपर्यंत नेणं आणि सरांचं काय अडतंय ते मुलांना समजावून सांगणं, हे त्याचं काम. नावं लिहिणारा हे करूच शकत नाही, कारण त्याच्याशी कोण मोकळं बोलणार?

आमच्याकडे जुलैत निवडणूक होते. संगणक कक्षात मतपत्रिका छापतात, बोटाला मार्करची शाई लावतात, मतदान अधिकारी अकरावीचे असतात. पाचवीच्या मुलांना त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटतं. मला पतंग चिन्ह मिळालं होतं. भाषणात मी एकच गोष्ट सांगितली होती: रोज मधल्या सुट्टीत मी चिंचेखालच्या कट्ट्यावर बसेन, कुणीही येऊन बोलावं. तेव्हा वाटलं होतं कुणी येणार नाही. पहिले काही दिवस आलंही नाही कुणी. मग सहावीतल्या मुली येऊ लागल्या, त्यांच्यामागून मुलगे.

आता फळ्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

५ सप्टेंबरला आमच्याकडे स्वयंशासन दिन असतो. बारावीची मुलं शिक्षक होतात. मुली आईच्या साड्या नेसतात, मुलगे इन करून येतात, आणि शिपाईकाकांच्या जागीही आमच्यातलाच एक घंटा देतो. मला सातवीचा भूगोल मिळाला होता. तास सुरू झाला आणि खिडकीकडच्या शेवटच्या दोन बाकांवर सारखी कुजबुज. वर्गाचा मॉनिटर उठून म्हणाला, "मॅडम, ही रोजच बोलत्यात, नावं लिहू का?" मी म्हटलं थांब, आणि मागे जाऊन त्यांच्याच बाकावर बसले. तिथून फळा दिसतच नव्हता. दुपारचं ऊन खिडकीतून थेट फळ्यावर येत होतं आणि अर्धा फळा नुसता चमकत होता. ती मुलं गप्पा मारत नव्हती. पुढच्याला विचारत होती, काय लिहिलंय.

मॉनिटरच्या वहीत जून महिन्यापासूनची नावं होती. ती बघितली. बहुतेक नावं त्याच दोन बाकांवरची. त्या मुलांना तीन महिने वर्गाबाहेर उभं राहावं लागलं होतं.

मी वर्गशिक्षिका बाईंना त्या बाकावर बसायची विनंती केली. त्या बसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी घरून जुनी साडी आणून खिडकीला पडदा लावला. आता सातवीत दर सोमवारी बाकं बदलतात, मागचे पुढे, खिडकीकडचे भिंतीकडे. दोघांना तरीही दिसत नव्हतं, त्यांच्या घरी कळवलं.

यानंतर मंत्रिमंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडला की नावं लिहिण्याची पद्धत बंद करावी. मुख्याध्यापक सरांनी पाचवी ते आठवीपुरती परवानगी दिली आहे. वरच्या वर्गांचं अजून ठरायचंय.

दुसरी गोष्ट एसटीची. आमच्याकडे वरच्या वाड्यांवरून बऱ्याच मुली येतात. मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण गाडी फाट्यावरून पावणेपाचला निघायची आणि शाळा सुटायची पाचला. त्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर. मग या मुली शेवटचा तास अर्धा सोडून निघायच्या, आणि आमच्या वेळापत्रकात आठवी-नववीला आठवड्यातले तीन दिवस शेवटचा तास गणिताचा. त्यांच्या गणिताच्या वह्या बघितल्या तर अर्धी अर्धी उदाहरणं. सरांना वाटायचं या टाळतात. त्या सांगायच्या नाहीत, कारण सांगितलं तर घरचे म्हणतील, जमत नसेल तर राहू दे शाळा. ही भीती खरी आहे, मी तिथल्याच वाडीची आहे.

आम्ही गावनिहाय आणि थांबानिहाय पासधारक मुलींची यादी केली. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, त्याला तीन ग्रामपंचायतींचे ठराव जोडले. आगारातल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि एक गोष्ट समजावली जी आम्हाला ठाऊक नव्हती. गाडीची वेळ एकटी नसते. चालक-वाहकांची ड्युटी, त्याच गाडीची पुढची फेरी, दुसऱ्या गावचे प्रवासी, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं मागे नेली तर पुढच्या गावची दवाखान्यातून परतणारी माणसं खोळंबतात. शेवटी गाडी दहा मिनिटं उशिरा निघायची ठरली आणि शाळा सकाळी पंधरा मिनिटं लवकर भरायची. परिपाठ लवकर होतो म्हणून काही मुलं माझ्यावर नाराज आहेत. पण शेवटचा तास आता पुरा होतो.

मला इथल्या जाणत्या लोकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, प्रतिनिधी मतदानाने निवडावा की शिक्षकांनी नेमावा? आमच्याकडे काही शिक्षकांचा आग्रह आहे की पुढच्या वर्षीपासून मार्क बघून नेमावं. दोन, माझं वर्ष संपलं की हे सगळं परत पहिल्यासारखं होऊ नये यासाठी काय करावं?

---

निवृत्त_मास्तर

बाळ, फार नेमकं लिहिलंस. मी सांगली जिल्ह्यात छत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. त्या बाकावर जाऊन बसावं हे तुला सुचलं. आम्हा शिक्षकांना ते सुचायला हवं असतं, पण तास संपवायच्या घाईत माणूस फळ्याजवळून हलत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल. मार्क बघून नेमण्याची पद्धत कॉलेजांत बरीच वर्षं होती. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गाचा प्रतिनिधी गुणांवर ठरू लागला. त्याआधीच्या निवडणुकांत मारामाऱ्या होत, राजकीय पक्ष घुसत, म्हणून ती वाट धरली. त्यातून झालं असं की पहिला आलेला मुलगा प्रतिनिधी होई आणि त्याला त्या कामात रस नसे. तो बिचारा अभ्यासात. पुढे २०१६ च्या कायद्यात पुन्हा थेट निवडणुकीची तरतूद आली, ती प्रत्यक्षात फारशी उतरली नाही.

शाळेत मात्र मी मतदानाच्याच बाजूचा आहे. माझ्या शाळेत मी एक जोड दिली होती. मुख्यमंत्री मतदानाने. पण मंत्रिमंडळात दोन जागा अशा ठेवल्या की त्या निवडून आलेल्या मुलांनीच भरायच्या, आणि त्यांत कधीही स्टेजवर न आलेली मुलं घ्यायची. एका वर्षी धनगरवाड्यावरचा एक अगदी अबोल मुलगा आला. त्याच्याकडे पाण्याचं खातं दिलं. टाकी कधी धुतली, नळ कुठला गळतो, सगळं त्याच्या वहीत तारीखवार. त्या वर्षी शाळेतल्या मुलांना पोट बिघडून घरी जावं लागलं असं जवळजवळ झालंच नाही. निवडणुकीत तो कधीच निवडून आला नसता.

---

कोयनाकाठ

मी पालक आहे. मुलगा यंदा बारावीलाच. धागा वाचून कौतुक वाटलं, पण खरं सांगू का, काळजीही वाटली. फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी, कुणाला मेडिकलची 'नीट' परीक्षा द्यायची असते. क्लासवाले सकाळी सहाला बोलावतात. यात आगारात जाणं, ठराव गोळा करणं, मधली सुट्टी कट्ट्यावर घालवणं कधी करायचं? शाळेने हे बारावीच्या मुलांवर टाकावं का? नववी-दहावीला ठीक आहे. आणि दहावीलाही नको, तेही बोर्डच. तुझ्या आईबाबांना काय वाटतं गं?

---

डोंगरवाट

@कोयनाकाठ, काकू, तुमची काळजी अगदी बरोबर आहे. आमच्या घरीही जुलैत यावरून बोलणं झालं. आई म्हणाली, अर्ज भरायच्या आधी वेळापत्रक दाखव. बाबा काही बोलले नाहीत, पण ग्रामपंचायतीच्या ठरावाला ते स्वतः सरपंचांकडे माझ्यासोबत आले.

आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं की दिवाळीपर्यंतच बारावीने काम बघायचं. दिवाळीनंतर अकरावीचा उपमुख्यमंत्री सगळं पुढे नेतो आणि आम्ही फक्त विचारलं तर सांगतो. एसटीची दुसरी फेरी त्यानेच केली. मी सध्या सकाळी साडेचारला उठून फिजिक्स करते, संध्याकाळी गणित. मधल्या सुट्टीत तसंही कुणी अभ्यास करत नाही.

आणखी एक सांगते. अकरावीत मला चारचौघांत उभं राहून प्रश्न विचारायची भीती वाटायची. क्लासमध्येही शंका मनातच ठेवायचे. यंदा ती भीती गेली. आगारात साहेबांसमोर बोलल्यावर केमिस्ट्रीच्या सरांना "परत सांगा" म्हणणं काहीच वाटत नाही. याचा अभ्यासाला उपयोगच झालाय.

---

पाटी_पेन्सिल

मी शिक्षिका आहे, माध्यमिकला, नोकरीचं चौथं वर्ष. वर्गात सत्तरच्या आसपास मुलं. मला या धाग्यातलं एक पटत नाही, ते प्रामाणिकपणे लिहिते.

कधी निवडणुकीचं काम, कधी प्रशिक्षण, कधी ऑनलाइन माहिती भरायची असते. तास रिकामा जातो. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाला दोन वर्ग सांभाळावे लागतात. अशा वेळी मॉनिटरने नावं लिहिणं हा एकच आधार असतो. तो काढून घेतला तर सत्तर मुलांचा गोंधळ कोण आवरणार? मी मारत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण मग हातात राहतं काय? नावं लिहू नका म्हणणं सोपं आहे. त्या जागी काय आणायचं ते सांगा.

---

डोंगरवाट

@पाटी_पेन्सिल, मॅडम, हाच प्रश्न आमच्या सरांनी बैठकीत विचारला होता आणि तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोन बैठका त्यातच गेल्या.

आता आम्ही असं करतो. प्रत्येक वर्गात एक पेटी आहे, बुटांचं खोकं. त्यात शिक्षकांनी दिलेली कामं असतात: नकाशा भरणे, शब्दकोडी, पाढ्यांची शर्यत, मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका. तास रिकामा आहे हे कळलं की मॉनिटर पेटीतून एक कागद काढतो आणि वर्गाला काम लावतो. नववी-दहावीची दोन मुलं त्या दिवशीची 'तासवाली' असतात. त्यांचा खेळाचा किंवा कार्यानुभवाचा तास असेल तर ती खालच्या वर्गात जाऊन बसतात. पाचवी-सहावीला गोष्ट वाचून दाखवली तरी पुरतं. आमच्या ग्रंथालयातली पुस्तकं कपाटात कुलूपबंद होती, त्यासाठी बाहेर निघाली.

गोंधळ पूर्ण थांबला असं नाही. आठवी 'ब' मध्ये अजूनही आवाज असतो. तिथे पेटीतली कामं फार सोपी पडतात, मुलं दहा मिनिटांत संपवतात. तुमच्याकडे आठवीसाठी काही असेल तर सांगाल का?

---

पाटी_पेन्सिल

धन्यवाद, हे करून बघण्यासारखं आहे. पेटीची कल्पना मी उद्याच स्टाफरूममध्ये मांडते. आठवीसाठी माझा अनुभव: एनएमएमएसच्या बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न दे. ती शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच असते, निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलांना कोडं सोडवल्यासारखं वाटतं आणि परीक्षेची तयारी होते. गट पाडून दे, चार-चार जणांचे. एकट्याने सोडवायला दिलं की हुशार मुलं संपवून बसतात आणि बाकीची बघत राहतात.

---

माजी_कॅडेट

साताऱ्याच्या सैनिक शाळेचा माजी विद्यार्थी. आमची शाळा २३ जून १९६१ ला सुरू झाली, देशातली पहिली सैनिक शाळा. तिथे स्कूल कॅप्टन, हाऊस कॅप्टन अशी पदं असतात आणि पद मिळालेल्याला हाक मारली की ज्युनिअर सावधानमध्ये उभे राहतात. बाहेरच्यांना वाटतं नुसता हुकूम चालतो.

पण माझ्या हाऊस कॅप्टनचं जे लक्षात राहिलंय ते वेगळं आहे. मी सहावीत गेलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. पहिल्या आठवड्यात रात्री दिवे गेल्यावर सगळं डॉर्मिटरी मुसमुसत असायचं. तो बारावीचा मुलगा रोज फेरी मारायचा आणि प्रत्येकाच्या पलंगापाशी एकच विचारायचा, "जेवलास का? पत्र लिहिलंस का?" सकाळच्या पीटीला ज्याचे बूट नीट बांधलेले नसत त्याला रांगेत ओरडायचा नाही, रांग लागण्याआधी बाजूला घेऊन बांधायला शिकवायचा. पुढे मी बारावीत गेलो तेव्हा तेच केलं, कारण दुसरं काही येतच नव्हतं.

म्हणून धागाकर्तीला सांगेन, पद आणि शिस्त यांना घाबरू नकोस. रांग सरळ असावीच लागते. रांग लावणाऱ्याला रांगेतल्या प्रत्येकाचं नाव आणि घर ठाऊक असावं, एवढंच.

२०२१ पासून सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश आहे. कुणाच्या घरी पाचवीतली मुलगी असेल तर जरूर परीक्षेला बसवा.

---

माणदेश_गुरुजी

जिल्हा परिषदेची शाळा, माण तालुका. आमच्याकडे चौथीचं पोरगं मुख्यमंत्री असतं. आरोग्यमंत्री नखं तपासतो, पर्यावरणमंत्री झाडांना पाणी घालायची पाळी लावतो. पाणी टंचाईचा भाग, उन्हाळ्यात घरून येताना प्रत्येकाने बाटलीतलं उरलेलं पाणी झाडाला घालायचं हा नियम पोरांनीच केलाय.

इथल्या मुलींना मी मोहीच्या ललिता बाबरचं सांगतो. आमच्याच तालुक्यातली, खो-खो खेळत खेळत धावायला लागली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. खो-खोत पाठीवर थाप बसल्याशिवाय उठायचं नसतं. लहान मुलांना जबाबदारी म्हणजे काय ते यातून पटकन कळतं. पुढे कधी सविस्तर लिहीन. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

पूररेषा

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दहावीला होते. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा आम्ही मिरज रस्त्याच्या बाजूला एका शाळेत जाऊन राहिलो. वर्गावर्गात कुटुंबं. एका वर्गात बाळंतीण, एका वर्गात डायलिसिसचे एक आजोबा.

तिथे कुणी कुणाला नेमलं नव्हतं. ज्या वर्गात आम्ही होतो तिथल्या फळ्यावर माझ्या मैत्रिणीने नावं लिहायला सुरुवात केली. (तुझ्या धाग्यातल्या नावांवरून हेच आठवलं.) कुणाच्या कुटुंबात किती माणसं, कुणाला बीपीची गोळी, कुणाला साखरेची, कुणाचं माणूस अजून आलेलं नाही. डॉक्टर आले की तो फळा वाचून थेट त्या माणसापाशी जात. जेवण वाटणारे माणसं मोजत बसत नसत. दोन दिवसांत बाकीच्या वर्गांनीही तसंच केलं. ती मैत्रीण शाळेत कधी मॉनिटरही नव्हती, परीक्षेत मध्यम, वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

पाणी ओसरल्यावर आमच्या वह्या गेल्या होत्या. दुसऱ्या भागातल्या मैत्रिणींनी विषय वाटून घेतले आणि आमच्यासाठी हाताने नोट्स लिहून काढल्या. इतिहासाची वही मी अजून ठेवली आहे, त्यात तीन जणींची अक्षरं आहेत.

त्यामुळे नेमणूक की मतदान या प्रश्नावर मला निवृत्त मास्तरांच्या त्या दोन जागा फार पटल्या.

---

जुना_राजवाडा

बाकं बदलण्यावरून लिहितो. वर्गात कोण कुठे बसतं ही किरकोळ बाब नाही, आणि साताऱ्याला तर ती किरकोळ वाटूच नये. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इथल्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झालं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. म्हणून २०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस असतो. साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय: वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला स्वतःचं गोणपाट, आणि ते रोज घरी न्यायचं आणि परत आणायचं, कारण शाळेचा झाडलोट करणारा माणूस त्याला हात लावत नसे. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ उघडून दिला तरच प्यायला मिळे.

याच गावात १९२४ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मुलं स्वतः स्वयंपाक करायची, पाणी भरायची, शेतात राबायची. भाऊराव स्वतः कोल्हापूरला शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला, त्यापायी त्यांना राहतं वसतिगृह सोडावं लागलं. विद्यार्थी असताना घेतलेली भूमिका आहे ही. पदबिद काही नव्हतं.

दर सोमवारी बाकं बदलतात हे वाचून म्हणूनच बरं वाटलं. ती पद्धत सातवीपुरती ठेवू नका.

---

बालआरोग्य_सातारा

डॉक्टर म्हणून एक छोटी भर. @डोंगरवाट, ज्या दोघांना पडदा लावूनही दिसत नव्हतं त्यांचं पुढे काय झालं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि मुलांची तपासणी करतं. त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतात ती राहून जातात, आणि नेमकी हीच मुलं अनेकदा गैरहजर असतात. शाळेला पथकाची तारीख आधी कळते. मंत्रिमंडळाने त्या आठवड्यात राहिलेल्या मुलांची यादी करून वर्गशिक्षकांना दिली तर फार मोठं काम होईल. दूरचं दिसत नाही हे दहा वर्षांच्या मुलाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

---

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने उत्तरं देते.

@बालआरोग्य_सातारा, दोघांपैकी एकाला चष्मा लागला. दुसऱ्याच्या घरी आम्ही निरोप दिला होता, पण ऊसतोडीला घरचे बाहेर गेलेत आणि तो आजीकडे आहे. आजीला एकटीला तालुक्याला नेणं जमत नाही. आमच्या बाई पुढच्या शनिवारी त्याला आणि आजीला घेऊन जाणार आहेत. राहिलेल्या मुलांच्या यादीचं काम अकरावीकडे आजच दिलं.

@जुना_राजवाडा, काका, ७ नोव्हेंबरला आमच्याकडे भाषणं झाली होती, पण गोणपाटाचं कुणी बोललं नव्हतं. पाचवी ते आठवीच्या सगळ्या वर्गांत बाकं बदलायचा ठराव घेतेय. हे त्यासोबत वाचून दाखवेन.

@निवृत्त_मास्तर, सर, तुमच्या दोन जागा मी आमच्या सरांना सांगितल्या. मार्क बघून नेमावं म्हणणाऱ्या सरांनाही त्या आवडल्या. बहुधा मतदान राहील आणि या दोन जागा वाढतील.

नववीपासूनच्या मुलांचं एक राहिलं होतं, तेही सांगते. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच असते. नववीला गेलेली काही मुलं मधल्या सुट्टीत नुसती नळावर जाऊन येतात, डबा आणलेला नसतो. कट्ट्यावर बसल्यावर हे दिसलं. कुणाला विचारलं तर "भूक न्हाई" म्हणतात. म्हणून आम्ही कुणालाच विचारत नाही. बारावीच्या आम्ही आठ-दहा जणी एक भाकरी जास्त आणतो आणि सगळे डबे मध्ये ठेवून गोल करून खातो. जो येईल तो बसतो. शेंगदाण्याची चटणी सगळ्यांत आधी संपते.

माझा दुसरा प्रश्न अजून उरलाय. मी एक वही केलीय. त्यात एसटीचा अर्ज, कोणाला भेटायचं, पेटीतली कामं, कुठल्या वर्गात ऊन कधी येतं, सगळं लिहिलंय. ती पुढच्या मुख्यमंत्र्याला द्यायची आहे. त्यात आणखी काय असावं?

---

निवृत्त_मास्तर

वहीत जे जमलं नाही तेही लिही. कुठला अर्ज फेटाळला, का फेटाळला. पुढच्याला तोच दगड परत उचलावा लागू नये. प्रत्येक कामापुढे शाळेतल्या एका शिक्षकाचा हुद्दा लिहून ठेव, ज्यांना ते काम ठाऊक आहे. मुलं दरवर्षी बदलतात, शिक्षक काही वर्षं राहतात. आणि वहीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात असू दे. कार्यभार देताना दोघांच्या सह्या, तारीख, सरांसमोर.

---

पाटी_पेन्सिल

एक महत्त्वाचं. कट्ट्यावर येऊन मुलींनी तुला जे खासगी सांगितलं असेल, घरचं, अंगाला हात लावण्याचं, पाळीचं, कुणाच्या त्रासाचं, त्यातलं काहीही त्या वहीत नको. नावाशिवायही नको, गाव लहान असतं, लोक ओळखतात. असं काही असेल तर ते तुझ्याकडे ठेवू नकोस, तुझ्या वयाच्या मुलीने एकटीने वागवायची ती गोष्ट नाही. तुमच्या बाईंना किंवा मुख्याध्यापकांना आजच सांग. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि चिंचेखालच्या भिंतीवरही रंगवून घ्या.

---

डोंगरवाट

मॅडम, दोन गोष्टी तशा होत्या. त्या त्याच आठवड्यात बाईंना सांगितल्या होत्या आणि वहीत घेतलेल्या नाहीत. १०९८ चं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. रंग कार्यानुभवाच्या कपाटात आहे, सोमवारी दहावीची मुलं रंगवतील.

बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत मी इथे येणार नाही. कुणाला वहीची प्रत हवी असेल तर संदेश टाकून ठेवा, मार्चच्या शेवटी पाठवते.